एसीटी टार्गेटमध्ये असूनही एक्मोचं सर्किट क्लॉट का होतं आणि ते आधी कसं ओळखायचं

सिस्टर, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशावर बोलतोय. तुमच्या आयसीयूत एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरून परत देणारं मशीन, नवीनच सुरू झालंय, न्यूमोनियाचा पेशंट व्हीव्ही एक्मोवर (रक्त शिरेतून काढून शिरेतच परत) होता, एसीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती टेस्ट) सगळा वेळ १९० ते २१० मध्ये, रक्त गोठू न देणारं हेपरिन एकदाही बंद झालं नाही, आणि तरी सहाव्या दिवशी मध्यरात्री ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरणारा भाग, क्लॉट झाला आणि सर्किट घाईघाईत बदलावं लागलं. तुम्ही विचारताय की एसीटी बरोबर असताना हे झालंच कसं, तुमच्याकडून बघायचं काय राहिलं, आणि त्याच पेशंटचा सीआरआरटीचा (सलग चालणाऱ्या डायलिसिसचा) फिल्टर दर दहा-बारा तासांनी का जात होता.

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे अशी मशीन चालवणारा, पंधराहून जास्त वर्षं झाली, सुरुवातीला बायपास (हृदयाच्या ऑपरेशनवेळचं हार्ट-लंग मशीन) आणि नंतर बहुतेक वेळ एक्मोच. पेशंट आता स्टेबल आहे असं तुम्ही लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात हेच खूप आहे कारण पुष्कळ ठिकाणी सर्किट बदललं की विषय संपतो, आदल्या चार दिवसांचा चार्ट परत कोणी उघडून बघत नाही.

आता एसीटीचं. ही टेस्ट १९६६ साली हॅटर्सली यांनी मांडली आणि पुढे ती रुजली ती बायपासच्या वेळी, जिथे हेपरिनचा डोस प्रचंड असतो आणि एसीटी ४००-४८० च्या वर ठेवायचा असतो. तिथे ती छान चालते. एक्मोवर आपण १८० ते २२० असं ठेवतो, म्हणजे हेपरिन त्यामानाने खूप कमी, आणि एवढ्या खालच्या रेंजमध्ये एसीटी फार ढोबळ आकडा देतो. पेशंटच्या प्लेटलेट कमी झाल्या, रक्त डायल्यूट झालं, अंग गार पडलं तरी एसीटी वाढलेला दिसतो, आणि आपल्याला वाटतं हेपरिन पुरेसं आहे. म्हणून आता बरीच युनिट्स एपीटीटी (गोठायच्या वेळेची लॅबमधली टेस्ट) किंवा अँटी-टेन-ए (हेपरिनचा परिणाम मोजणारी टेस्ट) वर गेलीत, एपीटीटी साधारण ६० ते ८० सेकंद आणि अँटी-टेन-ए ०.३ ते ०.७. त्यातही खोट आहेच, बिलिरुबिन खूप वाढलं किंवा हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) चालू असला की अँटी-टेन-ए खोटा कमी येतो, आणि सीआरपी (सूज-इन्फेक्शनमध्ये वाढणारं प्रोटीन) खूप जास्त असला की एपीटीटी लांबलेला दिसतो. म्हणून एकाच टेस्टच्या भरवशावर राहू नका, निदान दोन बघा, आणि दोघींचं पटत नसेल तर का पटत नाही हे विचारा.

पण तुमच्या केसमधलं खरं कारण मला वेगळं वाटतं. रक्त प्लास्टिकला लागलं की काही सेकंदांत त्यावर प्रोटीनचा थर बसतो, फायब्रिनोजेन (क्लॉट बनवणारं प्रोटीन) चिकटतं, त्यावर प्लेटलेट येऊन बसतात. कोटिंगवालं सर्किट असलं तरी हे होतंच, फक्त हळू होतं. आणि हेपरिन काम करतं ते अँटीथ्रॉम्बिन या रक्तातल्याच प्रोटीनच्या मार्फत, रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या थ्रॉम्बिनवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एन्झाइमवर. जे थ्रॉम्बिन आधीच क्लॉटमध्ये अडकून बसलंय तिथपर्यंत हेपरिन नीट पोचत नाही. म्हणजे एकदा कोपऱ्यात छोटा क्लॉट बसला की तो एसीटी २०० असतानाही वाढत राहू शकतो. तुम्ही जे ब्लड सँपल पाठवता ते पेशंटच्या रक्ताबद्दल सांगतं, ऑक्सिजनेटरच्या त्या कोपऱ्यात काय चाललंय ते त्यात येत नाही. ते बघायला सर्किटपाशीच जावं लागतं, टॉर्च घेऊन, आणि दर वेळी लिहून ठेवावं लागतं. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीवर आहे.

टॉर्चचा राउंड. आमच्याकडे दर शिफ्टच्या हँडओव्हरला जाणारा आणि येणारा दोघं मिळून करतात, आणि हेपरिन कमी किंवा बंद असेल तर दर तासाला. वरचा लाईट बंद करायचा, साधी मोबाईलची टॉर्च चालत नाही, चांगली प्रखर पांढरी टॉर्च घ्यायची आणि सरळ न मारता तिरकी मारायची. ड्रेनेज कॅन्युलापासून (पेशंटमधून रक्त काढणारी जाड नळी) सुरू करून रक्त ज्या दिशेने जातं त्याच दिशेने रिटर्न कॅन्युलापर्यंत यायचं, म्हणजे काही सुटत नाही. प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), प्रेशर लाइन जिथे जोडलीय ती जागा, पिगटेल (बाजूला निघालेली छोटी नळी), कारण जिथे रक्त थांबतं किंवा गिरकी घेतं तिथेच क्लॉट धरतो. पांढरट करडे धागे दिसले तर ते फायब्रिन, काळसर लाल गाठ दिसली तर क्लॉट. ऑक्सिजनेटरचे चारही कोपरे बघायचे, मागची बाजू बघायला छोटा आरसा ठेवा, आम्ही डेंटलवाल्यांचा वापरतो. जिथे दिसलं तिथे शेजारी चिकटपट्टी लावून तारीख वेळ लिहायची, चार्टवर ऑक्सिजनेटरचं चित्र काढून त्यात खूण करायची, आणि रोज त्याच अँगलने एक फोटो, पेशंटचा चेहरा किंवा नाव फ्रेममध्ये येऊ न देता. काल एवढा होता आज एवढा झाला हे शब्दात कधीच नीट सांगता येत नाही, फोटोत लगेच दिसतं.

इथेच एक सांगून ठेवतो, ऑक्सिजनेटर किंवा कनेक्टर स्पिरिटच्या स्वॅबने पुसू नका, ते पॉलिकार्बोनेट असतं आणि स्पिरिटने त्याला तडा जाऊ शकतो. आणि ऑक्सिजनेटरला टकटक करून क्लॉट आहे का बघणं अजिबात नको, मी लोकांना हे करताना पाहिलंय, सुटला तर तो पुढे पेशंटकडेच जाणार.

क्लॉट कुठल्या बाजूला आहे यावर घाबरायचं किती ते ठरतं. मेंब्रेनच्या (ऑक्सिजनेटरच्या आतला पडदा) आधीच्या बाजूचा क्लॉट पुढे गेला तरी मेंब्रेन अडवतं. मेंब्रेनच्या नंतरच्या बाजूला, रिटर्न लाइनमध्ये दिसला तर मध्ये काहीही नाही, व्हीव्हीमध्ये तो फुप्फुसात जाईल आणि व्हीएमध्ये, जिथे रक्त धमनीत परत जातं, मेंदूत किंवा पायात. आधीच्या बाजूचा लहान, न हलणारा, चार दिवस तेवढाच असलेला क्लॉट घेऊन आम्ही कितीतरी दिवस सर्किट चालवलंय. पण नंतरच्या बाजूचा वाढणारा किंवा फ्लोबरोबर हलणारा धागासुद्धा दिसला की त्याच क्षणी डॉक्टरांना उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असतील तरी.

आता प्रेशर, आणि मला वाटतं तुमचं राहिलं ते हे. पंपच्या आधीचं प्रेशर पी-वन, पंपनंतर आणि मेंब्रेनआधी पी-टू, मेंब्रेननंतर पी-थ्री. पी-टू मधून पी-थ्री वजा केलं की डेल्टा पी. तो साधारण ५० च्या आत असतो, पण नुसता ५० आकडा लक्षात ठेवून उपयोग नाही कारण फ्लो वाढवला की डेल्टा पी वाढणारच. पहिल्या दिवशी, सर्किट नवीन असताना, त्या फ्लोला किती होता हे लिहिलेलं असलं पाहिजे. डेल्टा पी भागिले फ्लो असा आकडा रोज काढा, मग फ्लो बदलला तरी तुलना करता येते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका हॉस्पिटलमध्ये असताना आमचा एक पेशंट, तरुण मुलगा, फ्लो ४ लिटर. चार्टवर पाच दिवस डेल्टा पी लिहिलेला होता, २२, २५, २९, ३४, ४१. प्रत्येक शिफ्टला ज्याने लिहिला त्याने ५० च्या आत आहे म्हणून नॉर्मल अशी टिक केली, मीसुद्धा दोनदा केली. सहाव्या दिवशी पहाटे दोन तासांत ४१ चा ९० झाला, फ्लो पडला, सॅचुरेशन साठीत गेलं. सर्किट बदललं, मुलगा वाचला, पण ती वीस मिनिटं मी आजही विसरलेलो नाही. पाच आकडे एका ओळीत लिहिले असते तर तिसऱ्या दिवशीच कळलं असतं की हा चढतोय. त्या दिवसापासून मी डेल्टा पीचा ग्राफ काढायला लावतो, कागदावर पेनने काढला तरी चालेल.

तिन्ही प्रेशर एकत्र वाचायला शिका, क्लॉट कुठे आहे ते बऱ्याचदा तेच सांगतात. आरपीएम (पंपचे मिनिटाचे फेरे) तेवढेच ठेवून फ्लो कमी झाला असं धरा. पी-टू वाढला, पी-थ्री कमी झाला, डेल्टा पी वाढला, तर अडथळा ऑक्सिजनेटरमध्ये. पी-टू आणि पी-थ्री दोन्ही वाढले आणि डेल्टा पी तसाच, तर अडथळा पुढे, रिटर्न लाइन मुरडलीय किंवा कॅन्युलात काहीतरी आहे, किंवा व्हीएमध्ये पेशंटचं बीपीच वाढलंय. पी-वन खूप निगेटिव्ह झाला, उणे १०० च्या पलीकडे, आणि लाइन थरथरतेय, तर ड्रेनेजचा प्रॉब्लेम, बहुतेक वेळा व्हॉल्युम कमी, पेशंट खोकतोय, कॅन्युला सरकलीय, पाय दुमडलाय. थरथर दिसली की आरपीएम वाढवू नका, सगळ्यांचा हात तिकडेच जातो आणि त्याने अजून वाईट होतं, आधी थोडे कमी करा आणि कारण शोधा. आणि पी-वन कमी निगेटिव्ह झाला आणि पी-टू पी-थ्री दोन्ही पडले तर पंप हेडवर संशय घ्या.

पंप हेडमधला क्लॉट दिसत नाही, ऐकू येतो. रोज स्टेथोस्कोप लावून ऐका, चांगला चालणारा पंप एकसारखा गुणगुणतो, त्यात खरखर किंवा टकटक आली, हाताला व्हायब्रेशन वेगळं लागलं, की समजायचं. त्याच्यासोबत हिमोलिसिस येतो. प्लाझ्मा फ्री हिमोग्लोबिन (पेशींबाहेर सुटलेलं) ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की हिमोलिसिस धरतात, पण ही टेस्ट आपल्याकडे सगळीकडे रोज होत नाही, मग एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) बघा, लघवीचा रंग कोकाकोलासारखा होतोय का बघा, आणि लॅबच्या माणसाला सांगून ठेवा की सँपल फिरवल्यावर वरचा प्लाझ्मा गुलाबी दिसला तर फोन कर. हा फोन मला दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा पंप हेडमध्ये क्लॉट निघाला.

मेंब्रेननंतरचा ब्लड गॅस रोज एकदा पाठवा. एफडीओटू, म्हणजे ऑक्सिजनेटरला जाणाऱ्या गॅसमधला ऑक्सिजन, १०० टक्के असताना त्या सँपलचा पीओटू (ऑक्सिजनचा दाब) साधारण ३०० च्या वर यायला पाहिजे, २०० च्या खाली आला तर ऑक्सिजनेटर थकलाय. पण त्याच्याआधी सीओटूचा इशारा बघा, तोच पेशंट, तेच व्हेंटिलेटर सेटिंग आणि स्वीप (ऑक्सिजनेटरमधून जाणाऱ्या गॅसचा फ्लो) मात्र रोज एकेक लिटर वाढवावा लागतोय. इथे एक फसवणूक होते, ऑक्सिजनेटरच्या गॅसच्या बाजूला पाणी साचतं आणि त्यानेही गॅस एक्सचेंज बिघडतो. म्हणून काही सेकंद स्वीप एकदम वाढवून १० लिटरच्या आसपास न्यायचा, पाणी उडून जातं, आणि लगेच परत आणायचा. परत आणायला विसरला तर पेशंटचा सीओटू झपकन खाली जातो, म्हणून हात नॉबवरून काढायचाच नाही. याने सुधारलं तर पाणी होतं, नाही सुधारलं आणि डेल्टा पी पण वाढलेला असेल तर क्लॉट.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये मी सगळ्यात जास्त लक्ष तीन गोष्टींच्या दिशेवर ठेवतो, डी-डायमर (क्लॉट विरघळताना रक्तात येणारे तुकडे), फायब्रिनोजेन, प्लेटलेट. डी-डायमर आयसीयूत सगळ्यांचाच वाढलेला असतो त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही, पण जो खाली येत होता तो दोन दिवसांत अचानक दुप्पट-तिप्पट झाला, सोबत फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट पडतायत, नवीन सेप्सिस नाही, तर ऑक्सिजनेटरच हे सगळं खात बसलाय असं समजायचं. अशा पेशंटला नाकातून, कॅन्युलाच्या जागेतून ब्लीडिंगपण होतं आणि लोक घाबरून हेपरिन थांबवतात, प्लेटलेट देतात, एफएफपी (प्लाझ्मा) देतात, आणि सर्किट अजून जोरात क्लॉट होतं. सर्किट बदललं की एक-दोन दिवसांत डी-डायमर खाली येतो आणि ब्लीडिंगही आवरतं. प्लेटलेट पाचव्या ते दहाव्या दिवसात अर्ध्याच्या खाली आल्या आणि वर सर्किट पण क्लॉट होतंय तर हेपरिनमुळेच प्लेटलेट पडून क्लॉट होणारा एचआयटी डोक्यात आणा, त्याची शक्यता सांगणारा फोर-टी स्कोअर काढायला सांगा. मग हेपरिनऐवजी बायव्हॅलिरुडिनवर जावं लागतं, आणि ते सुरू केलं की लक्षात ठेवा, थांबलेल्या रक्तात ते थ्रॉम्बिनकडूनच तोडलं जातं, म्हणजे पिगटेल, बंद लाइन, नीट आकुंचन न पावणारं डावं व्हेंट्रिकल, जिथे जिथे रक्त साचतं तिथे क्लॉट होतो.

हेपरिनशिवाय चालवायची वेळ पण येते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोचे पेशंट येतात, फुप्फुसातून रक्त येतंय, प्लेटलेट वीस हजार, अशाला हेपरिन देणार कसं. अशा वेळी फ्लो हाच तुमचा हेपरिन. फ्लो चढा ठेवायचा, अॅडल्टमध्ये २ लिटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही, जास्तीचे थ्री-वे काढून टाकायचे, टॉर्च दर तासाला, आणि प्राइम करता येईल असं दुसरं सर्किट युनिटमध्येच हजर पाहिजे. व्हीए वीन करताना (मशीनचा आधार हळूहळू काढताना) फ्लो दीड लिटरवर आणतात तेव्हाही हीच भीती असते, तेवढा वेळ कमीत कमी ठेवायचा आणि हेपरिन आधी नीट करून घ्यायचं. व्हीव्हीमध्ये तर वीनिंगला फ्लो कमी करायची गरजच नसते, स्वीप बंद करून बघता येतं. आणि फेमोरल (मांडीतून घातलेलं) व्हीए असेल तर पायाच्या छोट्या परफ्युजन कॅन्युलाला विसरू नका, तिच्यात फ्लो थोडा असतो त्यामुळे ती चटकन बंद होते, दर तासाला पाय हाताने चाचपून बघा, गार लागला तर डॉप्लर लावा.

बदलायचं कधी, यावर डॉक्टरांशी माझे वाद झालेत आणि होतीलही, किट महाग आहे, नातेवाईकांचे पैसे संपत आलेत, हे सगळं खरं आहे. तरी माझं मत पक्कं आहे की डेल्टा पी चढतोय आणि त्यासोबत गॅस बिघडतोय किंवा डी-डायमर उसळलाय, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आल्या, की बदल दिवसाच ठरवून करायचा. ठरवून बदललं तर नवीन सर्किट प्राइम केलेलं, क्लॅम्प मोजून ठेवलेले, रक्त हाताशी, व्हेंटिलेटर आधीच वाढवलेला, अॅड्रिनलिन भरलेलं, कोण काय करणार हे मोठ्याने बोलून झालेलं, आणि पेशंट एक-दोन मिनिटंच सपोर्टशिवाय राहतो. रात्री अचानक झालं तर यातलं काहीच नसतं, तुम्ही ते अनुभवलंयच. तुमच्या पेशंटचा सहा दिवसांचा चार्ट काढून डेल्टा पी एका ओळीत लिहून बघा, मला खात्री आहे चौथ्या दिवसापासून काहीतरी दिसेल.

राहिला सीआरआरटीचा फिल्टर. तुमच्या पेशंटची मानेतली उजवी जुग्युलर शीर एक्मोच्या कॅन्युलाने घेतली, त्यामुळे डायलिसिस कॅथेटर फेमोरलला गेलं असणार, आणि पेशंट हलला, पोट फुगलं की ॲक्सेस प्रेशरचा (रक्त ओढण्याच्या दाबाचा) अलार्म. प्रत्येक अलार्मला पंप थांबतो आणि पंप थांबला की फिल्टरमधलं रक्त थांबतं. दहा-बारा तासांत फिल्टर जातोय म्हणजे हेपरिनच्या आधी कॅथेटर तपासा, आणि रात्री किती वेळा पंप थांबला हे मशीनच्या हिस्ट्रीतून काढा. दुसरं, किती पाणी काढताय ते बघा, फिल्ट्रेशन फ्रॅक्शन (फिल्टरमधून जाणाऱ्या प्लाझ्मापैकी काढून घेतलेला भाग) २०-२५ टक्क्यांच्या वर गेलं की फिल्टरमध्येच रक्त घट्ट होतं, मग ब्लड फ्लो वाढवा किंवा रिप्लेसमेंटचा जास्त भाग फिल्टरच्या आधी द्या. तिसरं, एअर चेंबरमधली रक्ताची लेव्हल, हवा आणि रक्त जिथे भेटतात तिथे क्लॉट सुरू होतो, लेव्हल खाली ठेवू नका. फिल्टरमध्ये रक्त गोठू नये म्हणून सिट्रेट वापरत असाल तर फिल्टरनंतरचं आयोनाइज्ड कॅल्शियम ०.२५ ते ०.३५ मध्ये आणि पेशंटचं १ ते १.२ मध्ये पाहिजे, आणि लिव्हर खराब किंवा शॉक असेल तर टोटल आणि आयोनाइज्ड कॅल्शियमचा रेशो काढत राहा, २.५ च्या वर गेला म्हणजे सिट्रेट साचतंय, लगेच डॉक्टरांना सांगा. आणि फिल्टरचं प्रेशर ड्रॉप आणि टीएमपी (फिल्टरच्या पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) दोन्ही चढायला लागले की मशीन पूर्ण अडकायची वाट बघू नका, रक्त परत देता येतंय तोवर परत देऊन टाका, एकदा पूर्ण क्लॉट झाला की दीडशे-दोनशे एमएल रक्त फिल्टरसोबत कचऱ्यात जातं, आणि ज्या पेशंटचं हिमोग्लोबिन आधीच सातवर आलंय त्याला ते परवडत नाही.